टक्क्यांचा हिशोब : अपंगत्वाच्या सरकारी लाभांची शंभर वर्षं

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. ‘आमच्या घरात चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, तर सरकारकडून काय काय मिळतं?’ हा प्रश्न मला नांदेडहून येतो, इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो आणि मी राहतो त्या दिल्लीतल्या मुनिरक्यातूनही येतो.

याचं उत्तर यादी वाचून देता येईल. अशा याद्या पुष्कळ आहेत. पण यादी वाचून माणूस जास्तच गोंधळतो, असा माझा अनुभव आहे. कारण एका खिडकीवर ४० टक्के पुरतात, दुसरीवर ८० मागतात, तिसरीवर २० टक्क्यांनाही पेन्शन सुरू होते आणि चौथ्या खिडकीवर टक्क्यांपेक्षा तुमच्या वडिलांच्या शेवटच्या पगाराची चौकशी जास्त होते. माणूस तोच, शरीर तेच आणि आकडे मात्र निराळे. मग वाटतं, सरकारचा सगळा कारभार असाच.

कारभार अनेकदा तसा असतो, हे खरं. पण या आकड्यांच्या मागे इतिहास आहे. आपण ज्याला सरसकट ‘अपंगांच्या योजना’ म्हणतो, त्या एकाच वेळी कुणी बसून आखलेल्या नाहीत. शंभर वर्षांत, चार वेगवेगळ्या काळात, चार वेगवेगळ्या कारणांसाठी सरकारने किंवा मालकाने पैसे द्यायचं कबूल केलं. ती चार कारणं म्हणजे भरपाई, विमा, मदत आणि हक्क. तुमच्या घरातली परिस्थिती यातल्या कोणत्या कारणात बसते, ते कळलं की खिडकी सापडते. ते कळलं नाही तर माणूस मदतीच्या रांगेत उभा राहतो आणि त्याची भरपाई तिकडे बुडते.

एक शब्दांचा खुलासा. २०१६पासून सरकारी कागदोपत्री ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. चळवळीतल्या अनेकांना तो पसंत नाही. जुन्या कायद्यांविषयी बोलताना मी ‘अपंग’ म्हणणार आहे आणि आजच्या योजनांची नावं जशी आहेत तशी घेणार आहे.

मुनिरक्याचा नकाशा

मुनिरका हे मुळात टोकस जाटांचं गाव. स्वातंत्र्यानंतर दिल्ली वाढली, तशी गावाची शेती सरकारने घेतली. त्या परिसरात रामकृष्णपुरमची सरकारी क्वार्टर्स, वसंत विहार, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि डीडीएचे फ्लॅट उभे राहिले. गावठाण तेवढं मधे उरलं. आज त्या अरुंद गल्ल्यांमध्ये चार-चार मजली इमारतींत देशभरचे भाडेकरू राहतात. त्यांत आपली मराठी मुलंही आहेत. कुणी विद्यापीठात शिकतं, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतं, कुणी नोकरी करतं.

आजच्या विषयाला हा परिसर फार सोयीचा आहे. इथून आउटर रिंग रोड ओलांडला की रामकृष्णपुरम लागतं. तिथल्या वेस्ट ब्लॉकमध्ये माजी सैनिकांच्या कल्याणाचं काम बघणारं केंद्रीय सैनिक बोर्ड आहे आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुख्य पीठही आहे. ईस्ट ब्लॉकमध्ये सशस्त्र सीमा बलाचं मुख्यालय आहे. आजूबाजूला केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची हजारो घरं आहेत. दुसऱ्या दिशेला, वसंत कुंजमध्ये, इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर हे पाठीच्या कण्याच्या दुखापतींवरचं रुग्णालय आहे. ते उभारलं मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी. मे १९६५मध्ये ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून त्यांचं चालणं गेलं.

आता नीट बघा. पलीकडे सैनिकाची पेन्शन आहे, सरकारी नोकराची कुटुंब पेन्शन आहे, आणि अलीकडे गावठाणात खोली घेऊन राहणारा, कसलीच पेन्शन नसलेला कामगार आहे. दोन-तीन किलोमीटरच्या आत चारही कारणं नांदताना दिसतात. आता ती एकेक करून घेऊ.

पहिलं कारण : भरपाई

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरणीत पट्ट्यात हात सापडून कामगार लुळा झाला, तर कायद्याने त्याला जवळजवळ काही मिळत नसे. १८५५चा एक कायदा होता, पण तो मृत्यूपुरता होता. त्यातही मालकाची चूक होती हे मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी सिद्ध करायचं. अडाणी विधवेने कोर्टात जाऊन गिरणीमालकाचा निष्काळजीपणा शाबीत करायचा, म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

युरोपात तोवर विचार बदलला होता. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८४ साली अपघात विमा आला. ब्रिटनमध्ये १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा झाला. मुद्दा सरळ होता. यंत्रावर काम आहे म्हणजे अपघात होणारच. मग चूक कुणाची हा वाद कशाला? कामाच्या ओघात दुखापत झाली ना? मग धंद्याने भरून द्यावं.

हिंदुस्थानात हा विचार १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला. १ जुलै १९२४पासून तो लागू झाला. त्या काळात दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या बाजूने बोलणारा एक मराठी आवाज होता, नारायण मल्हार जोशी यांचा. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे हे ना. म. जोशी. मुंबईतल्या त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण जातो, पण ते कोण होते हे फार कमी जणांना माहीत असतं.

या कायद्याला जोडलेली एक सूची आहे आणि आपल्या देशातल्या ‘टक्क्यां’ची गोष्ट खरी तिथून सुरू होते. मूळ सूचीत उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. एक डोळा गेला तर ३०. अंगठा गेला तर २५. उजव्या आणि डाव्या हातात दहा टक्क्यांचा फरक का? कारण ही सूची माणसाच्या दुःखाचं माप घेत नव्हती. त्याची कमावण्याची ताकद किती गेली, एवढंच ती मोजत होती. आणि संपूर्ण कायमच्या अपंगत्वाला मूळ कायद्यात काय मिळायचं? ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतलं जे कमी असेल ते.

पुढे सूची बदलली, रकमा वाढल्या. डाव्या-उजव्याचा भेद गेला. १९९५च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून रक्कम काढतात. २१ नोव्हेंबर २०२५पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. गाभा मात्र तोच राहिला. ही रक्कम कुणी दया म्हणून देत नाही. ती मालकाकडून येणं असते. त्यासाठी तुम्ही गरीब असायची अट नाही. फक्त दावा वेळेत करावा लागतो आणि त्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. ठेकेदार म्हणतो, ‘दवाखान्याचा खर्च दिला की, आता मिटवा.’ लोक मिटवतात आणि मग अपंग पेन्शनसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात.

सैनिकाची अपंगत्व पेन्शनही याच घरातली. पहिल्या महायुद्धाने जखमी जवानांचा प्रश्न मोठा केला. १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल संस्था निघाली, जी पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. हात-पाय गमावलेल्या शिपायाला नवा हुन्नर शिकवायचा, हा तिचा हेतू होता. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५च्या युद्धात ते जखमी झाले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. तेही याच परंपरेतले.

सैनिकी पेन्शनमध्ये कळीचा प्रश्न एकच असतो. हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलं का, किंवा सेवेमुळे वाढलं का? २० टक्क्यांपासून हिशोब सुरू होतो. पाचव्या वेतन आयोगानंतर टक्के वर गोळा करायची पद्धत आली. सेवेतून अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्याचे ५०च्या आत असतील तर ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५ आणि त्यापुढे १००. भांडण होतं ते ‘सेवेमुळे की नाही’ यावर. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचा भार सरकारवर राहील. रामकृष्णपुरमचं जे न्यायाधिकरण मी मघाशी सांगितलं, ते ऑगस्ट २००९मध्ये सुरू झालं. तिथे हे वाद चालतात. २१ सप्टेंबर २०२३नंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत, हेही सैनिकांच्या घरांनी लक्षात ठेवावं.

दुसरं कारण : विमा

भरपाईत एक उणीव होती. मालक पळाला, बुडाला किंवा कोर्टात खेचत राहिला, तर कामगाराच्या हाती काय? शिवाय एकरकमी पैसे किती दिवस पुरणार?

१९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं. त्यावेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला आणि त्यातून एप्रिल १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण त्याला ‘ईएसआय’ म्हणतो. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी ही योजना देशात पहिल्यांदा दोन ठिकाणी सुरू झाली, कानपूरला आणि दिल्लीला.

इथे तत्त्व बदललं. आता मालकही भरतो आणि कामगारही भरतो. आज मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. त्यामुळे अपघात झाला की महामंडळ थेट देतं. तात्पुरतं अपंगत्व असेल तर काम बंद असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के. अपंगत्व कायमचं असेल तर वैद्यकीय मंडळ कमावण्याची ताकद किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात जन्मभर दरमहा पैसे मिळतात. यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हा लाभ लागू होतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही २०१०च्या दुरुस्तीनंतर यात धरला जातो. वेतनाची मर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००.

भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या पेन्शन योजनेतही कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला पेन्शन आहे. तिथे एरवी लागणारी दहा वर्षांची नोकरी लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं. आणि ज्याला ना ईएसआय ना पीएफ, त्याच्यासाठी २०१५ची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात. अपघाताने दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. अनेकांच्या खात्यातून हे २० रुपये दरवर्षी जातात आणि अपघातानंतर घरात कुणालाच ते आठवत नाहीत. पासबुक काढून बघा.

तिसरं कारण : मदत

आता ज्याला मालक नाही आणि ज्याने कधी वर्गणी भरलेली नाही, त्याचं काय? जन्मापासून दिसत नाही, लहानपणी पोलिओ झाला, शेतात झाडावरून पडला. त्याला कोण देणं लागतं?

राज्यघटनेने याचं उत्तर कलम ४१मध्ये दिलं. बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी मदत मिळण्याचा अधिकार राज्य उपलब्ध करून देईल, मात्र आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. ‘ऐपतीच्या मर्यादेत’ हे शब्द विसरू नका. मदतीचे आकडे इतके लहान का, याचं मूळ तिथे आहे.

महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. अनुदान कित्येक वर्षं शेकड्यांत होतं. २०१९ साली ते हजार रुपये झालं, २०२३ साली दीड हजार, आणि २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी अडीच हजार करायचा निर्णय झाला. केंद्राची राष्ट्रीय सामाजिक साहाय्य योजना १५ ऑगस्ट १९९५ची. तिच्यात इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन २००९ साली आलं. त्याच्या अटी कडक आहेत. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं हवं आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त हवं. रक्कम दरमहा ३०० रुपये. हा आकडा २०१२ साली ठरला आणि पुढे तिथेच थांबला. राज्यं आपापली भर घालतात, म्हणून राज्याराज्यांत फरक पडतो.

मदतीच्या खिडकीवर दोन प्रश्न हमखास विचारतात. तू किती गरीब आहेस, आणि तू इथला आहेस का? दुसरा प्रश्न आपल्यासारख्या गाव सोडलेल्यांना जड जातो. महाराष्ट्राच्या योजनेला राज्यात किमान १५ वर्षांचा रहिवास लागतो. दिल्ली सरकारच्या दिव्यांग पेन्शनला दिल्लीतला पाच वर्षांचा रहिवास लागतो. समजा, बीडच्या एका कुटुंबाला कामासाठी मुनिरक्यात यावं लागलं आणि घरात एक दिव्यांग मुलगी आहे. तिचं गावाकडचं अनुदान रहिवासाच्या चौकशीत अडकतं आणि इथलं सुरू व्हायला पाच वर्षं लागतात. ती मधली पाच वर्षं तिची कुठल्याच सरकारकडे नाहीत. त्यामुळे दिल्लीत पाऊल ठेवल्यापासून रहिवासाचा पुरावा जमवायला लागा. भाडेकरार, मतदार ओळखपत्र, आधारवरचा पत्ता. घरमालक करार द्यायला टाळाटाळ करतात, हे मला माहीत आहे. तरीही मागा.

चौथं कारण : हक्क

वरची तिन्ही कारणं माणसाकडे ‘काय गेलं’ या नजरेने बघतात. चौथं कारण निराळं आहे. हा देशाचा नागरिक आहे, त्याला शाळा, नोकरी, बस आणि इमारत इतरांइतकीच वापरता आली पाहिजे, असं ते म्हणतं.

१९७७ साली केंद्राने एका आदेशाने क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा अपंगांसाठी ठेवल्या. पण तो आदेश होता, कायदा नव्हता. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळलं गेलं, त्याच वर्षी साधनं-उपकरणांची योजना आली. कायद्यासाठी मात्र १९९५चा डिसेंबर उजाडावा लागला. दिल्लीत जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदर्शनं केली आणि त्याच महिन्यात संसदेने अपंग व्यक्ती कायदा मंजूर केला. ७ फेब्रुवारी १९९६पासून तो लागू झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, ३ टक्के आरक्षण होतं, आणि तिथेच अपंग व्यक्ती म्हणजे ‘किमान ४० टक्के’ ही व्याख्या कायद्यात आली. आपल्या घरात ज्या चाळिसाची चर्चा चालते, तो हा.

त्याच कायद्यात कलम ४७ होतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेने त्या माणसाला काढून टाकायचं नाही. २००३ साली कुणाल सिंग खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. ज्या दलाचं मुख्यालय आमच्या पलीकडे ईस्ट ब्लॉकमध्ये आहे, त्याच दलातला शिपाई. तेव्हा त्या दलाचं नाव स्पेशल सर्व्हिस ब्युरो होतं. त्याचा पाय कापावा लागला आणि पेन्शन देऊन त्याला घरी पाठवलं. न्यायालय म्हणालं, अपंगत्वाची पेन्शन दिली म्हणून कलम ४७ संपत नाही, त्याची नोकरी राखली पाहिजे. मंडळी, भरपाई आणि हक्क यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही. एकाने पैसे देऊन हिशोब मिटवला होता. दुसऱ्याने विचारलं, हा माणूस काम करू शकतो, मग त्याला घरी का बसवता?

२०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने हे पुढे नेलं. १९ एप्रिल २०१७पासून तो लागू आहे. सातची एकवीस अपंगत्वं झाली. थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी हे सगळं आत आलं. सरकारी नोकरीत ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. ४० टक्क्यांवरच्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण. कलम २४ सांगतं की इतरांसाठी जशी योजना आहे तशीच दिव्यांगांसाठी असेल, तर रक्कम किमान २५ टक्के जास्त हवी. ज्या मुलांना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व आहे, त्यांच्यासाठी १९९९च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याची निरामय योजना एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते.

एका डोळ्याचा हिशोब

आता हे सगळं एका उदाहरणात बघा. कारखान्यात कामगाराचा एक डोळा कायमचा गेला, तो काढावाच लागला. दुसरा डोळा उत्तम आहे.

भरपाईच्या आजच्या सूचीत त्याचे ४० टक्के होतात, कारण तिथे कमावण्याची ताकद मोजतात. तोच माणूस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये प्रमाणपत्राला गेला, तर एका डोळ्याचे ३० टक्के लिहितात, कारण तिथे शरीराची क्षमता मोजतात. ३० म्हणजे ४०च्या खाली. म्हणून आरक्षण नाही, निराधार अनुदान नाही, आयकराची सवलत नाही. तो घरी येऊन सांगतो, ‘मला काहीच मिळत नाही.’ खरं तर त्याला जन्मभर दरमहा ईएसआयचे पैसे मिळू शकले असते. तो ज्या रांगेत उभा होता, ती हक्काची आणि मदतीची रांग होती. त्याचं येणं भरपाईच्या किंवा विम्याच्या खिडकीत होतं.

आयकराचंही असंच. ४० टक्क्यांना ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्क्यांना १,२५,०००. पण नव्या करप्रणालीत गेलात तर ही वजावट मिळत नाही. पगारदार दिव्यांग माणसाने दोन्ही हिशोब मांडून मगच निवड करावी.

आईवडील असतानाच

शेवटी तो प्रकार सांगतो, जो सरकारी नोकरांच्या घरांत सगळ्यात जास्त हुकतो. रामकृष्णपुरमच्या क्वार्टर्समधून निवृत्त होऊन पुण्या-नागपूरला परतलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. घरात एखादं मूल मतिमंद किंवा पूर्ण परावलंबी असतं. मूल म्हणतो, पण ते पन्नाशीचं झालेलं असतं. आईवडिलांना एकच घोर असतो. आमच्यामागे याचं कसं?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचं जे अपत्य अपंगत्वामुळे कमावू शकत नाही, त्याला नियमांनुसार जन्मभर कुटुंब पेन्शन मिळते. अपंगत्व आईवडिलांच्या मृत्यूआधी आलेलं हवं. फेब्रुवारी २०२१पासून उत्पन्नाची अटही सैल झाली. अपत्याचं इतर उत्पन्न आईवडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरचा महागाई दिलासा, यापेक्षा कमी असलं म्हणजे झालं. पूर्वी ही मर्यादा ९,००० रुपये अधिक महागाई दिलासा एवढी होती. ज्यांचे अर्ज तेव्हा फेटाळले गेले, त्यांनी पुन्हा विचारावं.

आणि महत्त्वाचं म्हणजे, आईवडील हयात असतानाच या अपत्याचं नाव पेन्शनच्या आदेशात घालून घेता येतं. ते घातलं नाही, तर दोघांच्या मागे भावंडांना प्रमाणपत्रं, पालकत्व, जुन्या कार्यालयाच्या फाइली हे सगळं नव्याने जमवावं लागतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढाचं कायदेशीर पालकत्व राष्ट्रीय न्यासाच्या जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडून मिळतं. जिल्हाधिकारी त्या समितीत असतात. तेही काम आत्ताच करून ठेवण्यासारखं आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

यूडीआयडी कार्ड आधी काढा. ते देशभर चालतं. ४०च्या खाली पांढरी पट्टी, ४० ते ८०च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. पण कार्ड चालतं म्हणून पेन्शनही देशभर चालते असं समजू नका. ती राज्याची असते.

मग स्वतःला ओळीने चार प्रश्न विचारा. हे अपंगत्व कुणाच्या कामावर असताना आलं का? तसं असेल तर आधी भरपाई, कारण तिला मुदत आहे. कुठे वर्गणी कापली जात होती का? स्वतःची, किंवा आईवडिलांची नोकरी सरकारी होती का? तर विमा आणि कुटुंब पेन्शन. उत्पन्न कमी आहे आणि रहिवासाचा पुरावा आहे का? तर राज्याची मदत. आणि यातलं काहीही असो वा नसो, शाळा, नोकरी, प्रवास यांत अडवणूक होते का? तर हक्काचा कायदा आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त. महाराष्ट्रात तर डिसेंबर २०२२पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागच आहे.

ही दारं सहसा एकमेकांना बंद करत नाहीत. ईएसआय घेणारा माणूस आरक्षण मागू शकतो. कुटुंब पेन्शन घेणारी मुलगी रेल्वेची सवलत घेऊ शकते. फक्त मदतीच्या दारात उत्पन्न विचारतात, तिथे बाकीचे पैसे मोजले जातात. एवढं लक्षात ठेवून अर्ज भरा.

एखाद्या खिडकीवरून ‘तुम्हाला काही मिळत नाही’ असं उत्तर आलं, तर ते त्या एका खिडकीचं उत्तर आहे असं समजा. उरलेल्या तीन खिडक्यांवर विचारून या.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू.